हेडमास्तरांची गाडी नापास

"आज संध्याकाळपर्यंत या गावात काळा धूर सोडणारी एक जरी गाडी रस्त्यावर दिसली, तर माझं नाव बदला," धूरसाहेब आरशातल्या स्वतःला म्हणाले आणि गालावरचा उरलेला फेस त्यांनी पुसून टाकला.

खरं तर त्यांचं नाव लोकांनी केव्हाच बदललं होतं. गाड्यांच्या धुरावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्यात ते निरीक्षक होते, आणि नोकरीला लागल्यापासून सारं गाव त्यांना धूरसाहेब म्हणत होतं. आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. त्याचं त्यांना दुःख नव्हतं. माणूस सरळ, आणि आपण सरळ आहोत याचा त्यांना एवढा अभिमान की समोरच्याला तो पाठ व्हायचा.

त्या दिवशी नवा नियम लागू होणार होता. रस्त्यात गाडी थांबवायची, सायलेन्सरमध्ये यंत्राची नळी घालायची, आणि धूर मर्यादेबाहेर निघाला की गाडी नापास. नवी गाडी असेल तर लाल चिठ्ठी आणि दुरुस्तीसाठी मुदत. जुन्या गाडीला मात्र मुदत नाही. ती उचलायची, गावाबाहेरच्या भंगाराच्या आवारात न्यायची आणि त्याच दिवशी दाबयंत्राखाली घालून तिचा चौकोन करायचा.

"आणि बाबांची गाडी?" बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

बाबा म्हणजे धूरसाहेबांचे सासरे, गावच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर. चाळिशीपुढच्या निम्म्या गावाला त्यांनी कधी ना कधी नापास केलेलं होतं. त्या निम्म्यात धूरसाहेबही होते. गणितात, आणि तेही दोनदा. पुढे हेडमास्तरांच्याच मुलीशी त्यांचं लग्न जमलं तेव्हा लोक म्हणाले, पोराची रीत चुकली पण उत्तर बरोबर आलं! लग्नानंतर हेडमास्तर जावयाला मानाने "तुम्ही" म्हणू लागले. जावई मात्र त्यांना अजून "सर"च म्हणत आणि त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपोआप हात मागे बांधत.

हेडमास्तरांची गाडी फिक्या चहाच्या रंगाची होती. तिचं डावं दार उघडत नसे. काच एकदा खाली गेली की ती वर आणायला दोन माणसं लागत. धूरसाहेबांच्या बायकोचा या गाडीवर फार जीव. ती याच गाडीत चालवायला शिकली होती, आणि तिची आई शेवटपर्यंत याच गाडीच्या मागच्या सीटवर बसून सगळ्यांना रस्ता सांगत असे. माहेर चार गल्ल्या पलीकडे. दर रविवारी जाऊन ती गाडी स्वतःच्या हाताने पुसून यायची. "आई गेल्यापासून बाबांना या गाडीचाच आधार आहे," ती सगळ्यांना सांगे. हेडमास्तर यावर काही बोलत नसत, आणि त्यांना भरून येतं म्हणून ते बोलत नाहीत, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

"नियम म्हणजे नियम," धूरसाहेब म्हणाले. "सरांची गाडी आली तर तिलाही नळी लावणार."

"लावा की. पण ती गाडी भंगारात गेली, तर तुम्हीही तिच्यामागे तिकडेच जा. घरी यायचं कारण नाही."

धूरसाहेब हसले. एवढी मोठी बात त्यांनी उगाच केली नव्हती. तपासणीची जागा त्यांनी स्वतः निवडली होती, बँकेसमोरचा चौक. हेडमास्तर रोज गाडी काढत ती वाचनालयात जायला, आणि जात मागच्या गल्लीतून. चौकातली गर्दी त्यांना सोसत नसे. म्हणजे तत्त्वही शाबूत आणि संसारही शाबूत. धूरसाहेब शीळ घालतच घराबाहेर पडले.

चौकात खात्याची तपासणीची मोठी गाडी येऊन उभी होती. तिच्या पोटात यंत्र, आणि यंत्राला वीज द्यायला शेजारी डिझेलचा जनरेटर. गाडीवर लांबलचक फलक होता, "स्वच्छ हवा, प्रत्येकाचा हक्क". जनरेटर आधी खोकला, मग थरथरला, मग काळ्याकुट्ट धुराचा लोट सोडून एकदाचा सुरू झाला. हा नवा नियम वाहनांसाठी होता आणि जनरेटर काही वाहन नव्हे, त्यामुळे त्याला कुणी हटकत नव्हतं.

उद्घाटनाला खात्याचे मोठे साहेब यायचे होते. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर त्यांच्याआधीच हजर झाला. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला आणि तोंड वाकडं केलं. फलक छान आहे म्हणाला, पण वर स्वच्छ हवा आणि खाली हे काळं धूड, असा फोटो छापला तर लोक हसतील.

धूरसाहेबांनी लगेच हुकूम सोडला. जनरेटर ढकलून तपासणीच्या गाडीमागे नेण्यात आला आणि गाडी चार हात पुढे घेण्यात आली. हवा होती तशीच राहिली, फोटो मात्र स्वच्छ झाला. आता यंत्राची नळी तोकडी पडू लागली. ती गाडीच्या मागच्या झडपेतून बाहेर यायची, आणि जनरेटरला वळसा घालून रस्त्यापर्यंत काही पोचेना. तेव्हा खात्याचा ड्रायव्हर बँकेच्या माळ्याकडून बागेला पाणी घालायच्या नळीचा तुकडा मागून घेऊन आला. त्याने दोन्ही नळ्या एकमेकींत खुपसल्या, त्यावर चिकटपट्टी गुंडाळली आणि मागे सरून आपल्या कामाकडे कौतुकाने पाहिलं. जोड बरोबर जनरेटरच्या तोंडासमोर आला होता.

"हा जोड आपल्या मागेही टिकेल, साहेब," ड्रायव्हर म्हणाला.

"फोटोत दिसतो का?"

"नाही."

"मग झालं तर."

आता पुढे काय होणार हे तुमच्या लक्षात आलं असेल. धूरसाहेबांच्या आलं नाही, कारण ते फोटोसाठी भांग पाडत होते.

मोठे साहेब आले. त्यांनी भाषण केलं, आणि भाषणाच्या भरात जाहीर केलं की सुरुवात माझ्याच गाडीपासून करा. गाडी कोरी करकरीत, गेल्याच महिन्यात सरकारने त्यांना दिलेली. ड्रायव्हरने नळी लावली, धूरसाहेबांनी बटण दाबलं. यंत्राने क्षणभर विचार केला, लाल दिवा लावला आणि जोरात भोंगा वाजवला.

 फोटोग्राफर समोर असल्यामुळे मोठ्या साहेबांना हसू तोंडावरून काढता येईना. "कायदा सगळ्यांना सारखा," ते दातांमधून म्हणाले, लाल चिठ्ठी खिशात घातली आणि गाडी तिथेच सोडून पायी ऑफिसकडे निघाले. जाताना त्यांनी धूरसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा जास्तच जोरात दाबला. धूरसाहेबांना त्यात शाबासकी दिसली. त्यांना तर स्वर्ग दोन बोटं उरला होता. ज्याने स्वतःच्या वरिष्ठाला सोडलं नाही, तो आता कुणाला सोडणार?

खरोखरच त्यांनी कुणाला सोडलं नाही. दूधवाल्याची मोटारसायकल नापास झाली. शाळेची बस नापास झाली, तेव्हा आतल्या पोरांना वाटलं की आता शाळा बुडाली, आणि त्यांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या. एक टॅक्सी आली, तिच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. तीही नापास. टॅक्सीवाला काकुळतीला येऊन सांगू लागला की काल संध्याकाळी दुकानातून आणली, अजून हिने धड गावसुद्धा पाहिलेलं नाही. धूरसाहेबांनी त्याला समजावलं की दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. माणूस खोटं बोलेल, यंत्र बोलणार नाही. लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा भराभर उतरत चालला आणि बँकेसमोर नापास गाड्यांची रांग लागली. एवढं कमालीचं प्रदूषण आपल्या गावात आहे आणि ते आपण शोधून काढलं, या विचाराने धूरसाहेबांना भरून आलं.

एवढ्यात चौकाच्या टोकाला फिक्या चहाचा रंग दिसला.

धूरसाहेबांनी डोळे चोळले. गाडी आचके देत, थबकत, सरळ त्यांच्याच दिशेने येत होती. कुणी थांबवलं नव्हतं, हात केला नव्हता, तरी ती अगदी नळीपाशी येऊन उभी राहिली. हेडमास्तर उतरले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, बगलेत वाचनालयाची पुस्तकं, खिशात चष्म्याचं घर. गाडीत नेहमी पडलेलं असायचं ते सगळं त्यांच्या अंगाखांद्यावर होतं.

धूरसाहेबांचे हात मागे गेले. ते पुढे वाकून हळूच म्हणाले, "सर, तुम्ही इकडे कुठे? तसेच पुढे जा. मी पाहिलंच नाही असं समजतो."

एवढ्या वर्षांच्या सरळपणाला त्या एका वाक्यात केवढी मोठी मुरड पडली होती, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण हेडमास्तरांनी ती मुरड ठेवू दिली नाही. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात ते म्हणाले, "छे छे. नियम सगळ्यांना सारखा. लावा नळी."

आता इलाज नव्हता. लोक गोळा झाले होते. समोरच्या दुकानातला न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला, आणि त्याच्यामागे अर्ध्या गालाला फेस असलेलं त्याचं गिऱ्हाईकही आलं. ड्रायव्हरने नळी लावली. लाल दिवा, भोंगा. आकडा मर्यादेच्या तिप्पट.

"नापास, सर," धूरसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज पायाखालून आल्यासारखा वाटला.

नापास मुलाला पुढ्यात बसवून त्याचा पेपर ओळीओळीने दाखवल्याशिवाय हेडमास्तरांनी कधी घरी पाठवलं नव्हतं. आज त्यांनी स्वतःचा आकडासुद्धा पाहिला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "मग उचलून नेणार ना? आजच?"

"हो, सर."

"बरं." त्यांनी किल्ली जावयाच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं स्वतःच मिटवली.

गर्दीत एकदम कुजबुज उठली. "हेडमास्तर नापास!" ही बातमी दुकानादुकानातून धावत सुटली आणि मागे कुणीतरी चक्क टाळी वाजवली. दूधवाला म्हणाला की जावयाने शेवटी उट्टं काढलं. तसं नाही, यंत्राने दाखवलं म्हणून, असं धूरसाहेब सांगू लागले, पण ते ऐकायला कुणालाच वेळ नव्हता. निम्मं गाव या दिवसाची वाट पाहत म्हातारं होत आलं होतं.

क्रेनने गाडी उचलली. हेडमास्तर पाठ फिरवून झपाझप चालू लागले, आणि धूरसाहेबांना दिसलं की त्यांचे खांदे हलत आहेत.  शाळेच्या निरोप समारंभात ज्या माणसाचा डोळा ओला झाला नव्हता, तो आज भर रस्त्यात रडत चालला होता.

फोन वाजला. बायको ओरडत नव्हती, म्हणून धूरसाहेब जास्तच घाबरले.

"बाबा नापास झाले म्हणे."

"अगं, गाडी नापास झाली. बाबा नाही."

"तुम्ही शाळेत नापास झालात, ते असं फेडलंत?"

"अगं, यंत्राने..."

"मी भंगाराच्या आवारात निघालेय. गाडी दाबायची तर माझ्यासकट दाबा म्हणावं." आणि फोन बंद झाला.

धूरसाहेबांनी फोन खिशात घातला. आता कर्तव्य तेवढं उरलं होतं, म्हणून त्यांनी पुढची गाडी थांबवली. ती गावातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची होती, विजेवर चालणारी. बाईंनी काच खाली करून सांगितलं की हिला सायलेन्सर नाही, पेट्रोल नाही, धूर नाही, तेव्हा मला जाऊ द्या, पेशंट तोंड उघडून बसलाय. धूरसाहेब म्हणाले, नियमात "प्रत्येक वाहन" असं लिहिलंय. ड्रायव्हरने नळी कुठे घालावी हे न कळून ती गाडीच्या मागे नुसतीच धरली. लाल दिवा लागला. भोंगा वाजला. आकडा हेडमास्तरांच्या गाडीपेक्षाही मोठा आला.

डॉक्टरीणबाई खाली उतरल्या. त्या चिडल्या नाहीत, त्यांना कुतूहल वाटत होतं.

"साहेब, बोळक्या तोंडाच्या माणसाला तुम्ही दाढ किडली म्हणून सांगताय," त्या म्हणाल्या. "हा धूर आणलात कुठून?"

धूरसाहेबांनी नळीकडे पाहिलं. मग त्यांनी ड्रायव्हरला नळी हवेत उंच धरायला सांगितली, जवळ एकही गाडी नसताना, आणि बटण दाबलं. हवा नापास झाली.

ते नळीच्या मागे मागे चालत गेले. नळी तपासणीच्या गाडीला वळसा घालून मागे गेली होती, आणि तिथे त्यांच्याच हुकुमाने लपवलेला जनरेटर जोडाच्या तोंडावर मनसोक्त धूर ओकत होता. चिकटपट्टी केव्हाच सुटून लोंबत होती. जोडातून यंत्र तो धूर शोषून घेत होतं. सकाळपासून चौकात एकच गोष्ट नापास होत होती, आणि ती दर खेपेला नवीन माणसाच्या नावावर मांडली जात होती.

धूरसाहेब मटकन खाली बसले. पहिल्यांदा त्यांना मोठे साहेब आठवले. मग टॅक्सीवाला आठवला. मग ते हलणारे खांदे आठवले, आणि ते ताडकन उठले.

"यंत्र घे! भंगारात चल!" ते ड्रायव्हरला म्हणाले. जनरेटर तिथेच बंद करून टाकला आणि दोघं तपासणीच्या गाडीत चढले. पण तोवर डॉक्टरीणबाईंनी झाला प्रकार रांगेतल्या लोकांना सांगितला होता. लोक गाडीला आडवे झाले. आमचं काय, असं टॅक्सीवाला विचारू लागला. धूरसाहेबांनी खिडकीतून डोकं काढून सगळ्यांना फेरतपासणीचं वचन दिलं, पण आधी भंगारात, कारण तिथे एक जीव अडकलाय. जीव कुणाचा ते त्यांनी सांगितलं नाही. लोकांना वचनावर भरवसा नव्हता, म्हणून सगळे आपापल्या नापास गाड्यांत बसून त्यांच्या मागे निघाले.

अशी ती वरात गावातून चालली. पुढे "स्वच्छ हवा, प्रत्येकाचा हक्क", मागे दूधवाला, टॅक्सी, भोंगे वाजवणारी शाळेची बस आणि तिच्या खिडक्यांतून हात हलवणारी पोरं. मोहीम एवढी यशस्वी झाली असेल असं लोकांना वाटलं नव्हतं. गच्चीगच्चीवरून लोक हात हलवू लागले. वाटेत अजूनही पायीच चाललेले मोठे साहेब दिसले. त्यांनी काही विचारलं नाही, बस थांबवली आणि पोरांमध्ये जाऊन बसले.

भंगाराच्या आवारात गाडी दाबयंत्रासमोर उभी होती आणि आत स्टिअरिंगला घट्ट धरून धूरसाहेबांची बायको बसली होती. भंगारवाला कमरेवर हात ठेवून उभा होता. तो धूरसाहेबांना म्हणाला, "साहेब, बाई उतरत नाहीत. माझ्याकडे गाड्या दाबायचा परवाना आहे, बाया दाबायचा नाही."

खिडकीपाशी लेकीच्या मागोमाग आलेले हेडमास्तर उभे होते. म्हातारा आपल्या लेकीलाच समजावत होता. "बाहेर ये बाळ. वस्तूवर एवढा जीव लावू नये. गेली तर गेली."

"तुम्ही माझ्यासाठी मन मारताय, बाबा," ती हुंदके देत म्हणाली.

"अगं, नाही मारत मी मन."

"मला कळतं सगळं."

धूरसाहेब पुढे झाले. हात मागे बांधून, सगळ्या गावासमोर त्यांनी सांगून टाकलं. "सर, निकाल चुकीचा लागला. चूक माझी होती, गाडीची नव्हे. फेरतपासणी करतो."

हेडमास्तर दचकले. "नको," ते म्हणाले.

"सर, तुमच्यावर अन्याय झालाय."

"होऊ द्या. मी आयुष्यात कुणाला फेरतपासणी दिली नाही, मी घेणारही नाही. लागलेला निकाल लागला. चला, दाबा."

 याला म्हणतात तत्त्व, असं दूधवाला पुटपुटला, आणि सकाळी टाळी ज्याने वाजवली असेल त्याने मान खाली घातली असेल. भंगारवाल्याने उपरण्याने डोळे टिपले. धूरसाहेबांना तर स्वतःची लाज वाटली. असा गुरू, आणि त्याच्या गाडीचा आपण चौकोन करायला निघालो होतो! आता आकाश कोसळलं तरी न्याय करायचाच, असं त्यांनी ठरवलं. हेडमास्तर आडवे आले, त्यांना त्यांनी प्रेमाने बाजूला केलं. भंगारवाल्याच्या खोलीतला पंखा बंद करून त्याच्या जागी यंत्राची तार जोडली. बागेची नळी फेकून दिली आणि तपासणीची गाडी जुन्या गाडीला अगदी खेटून लावली.

धूरसाहेबांनी खिशातली किल्ली बायकोला दिली आणि तिने ती फिरवली. एरवी ही गाडी सुरू व्हायला सकाळची दुपार करायची. आज पहिल्या फटक्यात सुरू झाली. नळी लावली, बटण दाबलं.

हिरवा दिवा लागला.

"पास!" धूरसाहेब म्हणाले.

"कशी पास?" हेडमास्तर केवढ्याने ओरडले. "नीट बघा. परत लावा."

परत लावली. आकडा आधीपेक्षाही खाली आला. तेव्हा बायको रडत हसत गाडीतून बोलली. दर महिन्याला बाबा दुपारी झोपले की ती मेकॅनिकला गुपचूप बोलावून इंजिन साफ करून घेत होती. "म्हटलं बाबांची एकुलती एक हौस आहे, तिला धक्का लागायला नको."

हेडमास्तर जुन्या टायरांच्या ढिगावर बसले आणि त्यांनी चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला. वरातीबरोबर आलेल्या फोटोग्राफरने तो आनंदाचा क्षण टिपला. त्यानंतर एकेक गाडी तपासली, सगळ्या पास झाल्या. मोठ्या साहेबांची गाडी चौकातच राहिली होती, पण ती न तपासताच पास आहे असं धूरसाहेबांनी सुचवलं आणि मोठ्या साहेबांनी ते मान्य केलं. धूरसाहेबांनी हेडमास्तरांच्या गाडीचं प्रमाणपत्र स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, आणि गुरूला दक्षिणा द्यावी तसं दोन्ही हातांनी दिलं. पूर्ण एक वर्षाचं होतं.

संध्याकाळी तिघं गाडीतून घरी निघाले. बायको चालवत होती. ती नवऱ्याशी गोड बोलत होती, इतकी गोड की धूरसाहेबांना पुन्हा शीळ घालावीशी वाटली. गावाच्या अलीकडे चढाला गाडीने दोन उचक्या दिल्या आणि ती बंद पडली. परीक्षा धुराची होती, चालण्याची नव्हती. सासरे आणि जावई खाली उतरले आणि मागून ढकलू लागले.

 मग हेडमास्तर पुढे पाहत हळू आवाजात म्हणाले, "गाढवा."

लग्नानंतर इतक्या वर्षांत सासऱ्यांच्या तोंडून "तुम्ही"शिवाय दुसरा शब्द आला नव्हता. धूरसाहेबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालात, सर?"

"गाढवा म्हणालो. माझी रोजची वाट मागच्या गल्लीतून जाते, हे तुला ठाऊक नाही? मी त्या चौकात कशाला आलो असेन?"

धूरसाहेबांचा खांदा गाडीवरून निसटता निसटता राहिला.

"दहा वर्षं झाली, ही गाडी मला नकोशी झालीय," हेडमास्तर धापा टाकत सांगू लागले. "क्लच दाबून गुडघा गेला. मला मित्रांबरोबर चालत वाचनालयात जायचंय, वाटेत गप्पा मारायच्यात. ती म्हणते, बाबा, आईची आठवण आहे. विकायचं नाव काढलं की हिच्या डोळ्यांत पाणी. तिची आई माझ्या मनात आहे रे, मागच्या सीटवर नाही. पण हे लेकीला सांगायचं कुणी? पेपरात तुमची मोहीम वाचली, म्हटलं देव पावला. सरकारने नेली म्हटल्यावर कुणाचं काही चालणार नाही."

"पण सर, चौकातून जाताना तुम्ही रडत होतात."

"हसू आवरत नव्हतं मला! तू मला जन्मात एकदाच बरोबर उत्तर दिलं होतंस, आणि संध्याकाळच्या आत तेही खोडून ठेवलंस."

  प्रमाणपत्रावर धूरसाहेबांचीच सही होती, शिक्का होता, आणि अक्षर तर फारच सुंदर आलं होतं. पुढून बायकोने खिडकीतून मागे पाहत विचारलं की तुम्ही दोघं एवढं काय बोलताय. धूरसाहेबांनी सांगितलं, जुन्या आठवणी. ती म्हणाली, "बाबा, आता पास झालीच आहे तर हिला नवा रंग देऊ या. आणि दर रविवारी तुम्ही आम्हाला फिरवून आणा."

"आणतो बाळ," हेडमास्तर म्हणाले. त्यांनी पुन्हा खांदा लावला. आतून कुठला तरी पत्रा सुटला होता, तो चाकाच्या दर फेऱ्याला खडखडत होता. हेडमास्तर काही पावलं त्या खडखडाटाकडे लक्ष देऊन चालले.

"तुमच्या खात्यात गाडीच्या आवाजाचा काही नियम आहे का रे?" त्यांनी विचारलं.

"आहे, सर. फार कडक आहे. पण ते काम दुसऱ्या विभागाकडे आहे."

चढ अजून बराच बाकी होता. हेडमास्तर क्षणभर थांबले, रुमालाने कपाळ पुसलं आणि जावयाकडे पाहिलं.

"मग बदली मागून घे," ते म्हणाले.